रानातलं मीठ नदीत: कृष्णाकाठच्या एका ओढ्याच्या नोंदी

11 फेब्रुवारी 2024

ओढ्याचं काम आजपासून सुरू. भिलवडी ते कसबे डिग्रज या पट्ट्यात कृष्णेला मिळणारा हा छोटा ओढा, दोन्ही अंगांना ऊसच ऊस. गावाचं नाव नोंदवहीत घालायचं नाही असं शेतकऱ्यांशी ठरलंय. खारवट रान म्हणून गावाचं नाव झालं की जमिनीचा भाव पडतो, त्यांची ही काळजी खरी आहे.

शोधायचं आहे ते एवढंच. क्षारपड जमीन सुधारायला रानाखाली सच्छिद्र पाइप घातले जातात. त्या पाइपांतून बाहेर पडणारं पाणी ओढ्यातून नदीला मिळतं. ते नदीचं काय करतं, आणि वर्षातल्या कोणत्या दिवसांत करतं?

सांगली शहराच्या वरचाच पट्टा घेतला, त्याला कारण आहे. शहराच्या खाली गेलं की शेरीनाल्याचं सांडपाणी मिसळतं, आणि मग शेताचं किती नि गटाराचं किती हे सांगणं अवघड. या ओढ्याला गावाचं गटार मिळतं ते अगदी शेवटी, नदीजवळ. त्यामुळे त्याच्या वर सगळे नमुने घेता येतील.

ठिकाणं ठरवली. क1 म्हणजे नदी, ओढा मिळण्याच्या वर. ओ1 म्हणजे पाइप सुरू होण्याआधीचा ओढा. प1 ते प4 ही पाइपांची तोंडं. ओ2 म्हणजे सगळे पाइप मिळाल्यानंतरचा ओढा. ओ3 म्हणजे पाणकणसाच्या दाट पट्ट्यातून पाणी बाहेर पडतं तिथे, गावाच्या गटाराच्या वर. आणि क2 म्हणजे नदी, संगमाच्या खाली.

18 फेब्रुवारी

प2 वर बराच वेळ बसलो. ओढ्याच्या दरडीतून हातभर बाहेर आलेला पीव्हीसी पाइप, त्यातून मनगटाएवढी धार. पाइपच्या ओठावर पांढरी खरपुडी जमलीय, नखाने खरवडली की पापुद्रा निघतो. धार पडते तिथल्या दगडावर हिरवं शेवाळ, बाकीच्या ओढ्यात इतकं हिरवं कुठेच नाही. पाणी मात्र नितळ. बादलीत धरलं तर तळाचा ठिपकासुद्धा दिसतो. जिभेला मचूळ.

या नितळपणाने माणसं फसतात. गढूळ पाणी दिसलं की कुणीही नाक मुरडेल, हे पाणी बघून बरोबरचा एक विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, हे तर नदीपेक्षा स्वच्छ आहे." विरघळलेलं मीठ डोळ्याला दिसत नाही, नायट्रेटला रंग नाही, वास नाही.

प2 च्या मालकांना सगळे तात्या म्हणतात. त्यांच्याशी बोलणं झालं. "बाई, हे रान पांढरंफेक व्हतं. उन्हाळ्यात बघितलं तर कुणी चुना टाकलाय म्हनशीला. कुसळ उगवत नव्हतं. पाइप घातलं, दोन पावसाळं गेलं, आता चाळीस टनाच्या पुढं ऊस जातोय." पाइप सव्वा मीटरच्या आसपास खोल आहेत. वरून गाळणीचं कापड गुंडाळलेलं, सगळ्या उपनळ्या एका मोठ्या नळीला जोडलेल्या, ती ओढ्याला. घर गहाण ठेवून केलेलं काम आहे. या माणसाला उद्या कुणी 'तू नदी खराब करतोस' म्हणून बोट दाखवलं, तर ते मला मान्य होणार नाही. तरी त्यांच्या पाइपातून काय जातंय हे मोजायचंच.

25 फेब्रुवारी

प्रयोगशाळेचा दिवस. क्षारता मोजायच्या मीटरला आधी पोटॅशियम क्लोराइडचं 0.01 मोलर द्रावण दाखवलं. 25 अंशाला दर सेंटिमीटरला 1413 मायक्रोसीमेन्स (पाण्यातून वीज किती वाहते याचं माप, क्षार जास्त तितका आकडा मोठा) यायला हवं, आलं. हे केल्याशिवाय एकही आकडा वहीत जाणार नाही, हा नियम सगळ्यांना सांगितला.

क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटने. चंचुपात्रात नमुना, पोटॅशियम क्रोमेटचे थेंब, पिवळं पाणी. ब्युरेटमधून थेंब पडायला लागले की पांढरा साका धरतो आणि पाणी दुधाळ पिवळं होतं. मग एका थेंबाला विटकरी छटा येते, ढवळलं की जाते. पुन्हा येते, पुन्हा जाते. जी जात नाही तिथे थांबायचं. नदीच्या नमुन्याला हे फार लवकर झालं. प2 च्या नमुन्याला ब्युरेट खाली खाली जात राहिली. ज्या मुलीच्या हातात ब्युरेटची तोटी होती ती काही बोलली नाही, फक्त दुसरी बाटली काढून नमुना पातळ करून पुन्हा सुरू केलं. दिसायला दोन्ही पाणी सारखंच नितळ, पण त्यातला फरक तिला आज कळला.

नायट्रेट अतिनील किरणांच्या यंत्रावर, 220 नॅनोमीटरला; सेंद्रिय पदार्थांची वजाबाकी 275 ला. नमुने बर्फाच्या पेटीत ठेवून 48 तासांच्या आत करायचे, म्हणजे शनिवारी रात्री येऊन सोमवारी सुट्टी असं चालणार नाही.

3 मार्च

पहिल्या फेऱ्यांचा निष्कर्ष. सिंचनाच्या पाण्याची वर्गवारी अशी: 250 मायक्रोसीमेन्सपर्यंत कमी क्षारता, 750 पर्यंत मध्यम, 2250 पर्यंत जास्त, त्यापुढे अति जास्त. क1 मध्यम वर्गात. चारही पाइप शेवटच्या वर्गात. ओ2 'जास्त' वर्गात, त्याच्याही वरच्या टोकाकडे. म्हणजे ज्या ओढ्यात इंजिन टाकून खालची माणसं भाजीपाला भिजवतात, तो ओढा आता मध्यम राहिलेला नाही.

हे मीठ आलं कुठून? पुष्कळांना वाटतं ते जमिनीतलंच. काही अंशी तसं आहे, काळ्या रानात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम असतंच. पण गणित मांडून बघितलं की दुसरी गोष्ट पुढे येते. पाटाने भिजवलेल्या उसाला वर्षाला अडीच मीटर पाणी लागतं असं धरू. नदीचं पाणी 400 मायक्रोसीमेन्सचं असेल तर लिटरमागे साधारण 256 मिलिग्रॅम क्षार. एका एकरात अडीच मीटर पाणी म्हणजे दहा हजार घनमीटरच्या वर. तेवढ्यातून एकराला अडीच टनांहून जास्त क्षार दरवर्षी आत येतात. ऊस पाणी पितो, ऊन पाणी उडवतं, मीठ जागेवर राहतं. काही भाग चुनखडीच्या रूपात बसतो, बाकीचं मुळांभोवती. काळ्या जमिनीतून पाणी खाली लवकर मुरत नाही, म्हणून पाणीपातळी वर चढते आणि केशाकर्षणाने मीठ पृष्ठभागावर फुटतं.

तर पाइपातून पडणारं मीठ बऱ्याच अंशी नदीचंच आहे. मोटरीने वर उपसलं, उन्हाने आटवलं, पाइपाने परत पाठवलं.

10 मार्च

बादली आणि स्टॉपवॉच घेऊन पाइपांचा प्रवाह मोजला. 20 लिटरची बादली 20 सेकंदांत भरली तर सेकंदाला एक लिटर, इतकं सोपं. प2 त्याच्या आसपास, बाकीचे थोडे कमी.

मुलांना फळ्यावर मांडून दिलं. सेकंदाला एक लिटर म्हणजे दिवसाला 86,400 लिटर. पाण्याची क्षारता 3000 मायक्रोसीमेन्स धरली तर लिटरमागे 1920 मिलिग्रॅम. दिवसाला 166 किलो. युरियाचं पोतं 45 किलोचं असतं, त्या मापात साडेतीन पोत्यांच्या वर मीठ, एका पाइपातून, रोज. वर्ग शांत झाला. मग एकाने विचारलं, "मॅडम, हे शेतात राहिलं असतं तर?" बरोबर प्रश्न. राहिलं असतं तर तात्यांच्या रानात पुन्हा कुसळ उगवलं नसतं. मीठ जळत नाही, कुजत नाही, त्याचं दुसरं काही होत नाही. ते फक्त जागा बदलतं. क्षारपड सुधारण्याच्या प्रत्येक योजनेला हा प्रश्न आहे, पण योजनेच्या नकाशावरची रेघ ओढ्यापाशी संपते. ओढ्याच्या पुढे नकाशात काही नसतं.

31 मार्च

गेला पावसाळा कमी झाल्याने नदी यंदा लवकर खाली गेली. क1 पाशी खडक उघडे. पाणी आहे ते बंधाऱ्याने अडवलेलं, वाहतं नावापुरतं. कोयनेतून सोडलं की दोन-चार दिवस हलतं.

नदीच्या बाजूचा हिशेब आज पूर्ण केला. नदी सेकंदाला 5000 लिटर वाहत असेल तर एका पाइपाचं त्यात काहीच नाही, शंभर पाइपांनी लिटरमागे तीसेक मिलिग्रॅम वाढतील. आपल्या जिभेलाही कळणार नाही. पण तीच नदी 500 लिटरवर आली आणि शंभर पाइप तसेच चालू राहिले तर? 256 चं पाणी 533 वर जातं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची पसंतीची मर्यादा 500 आहे. म्हणजे नदी वाहती असताना जे नगण्य, तेच मार्चनंतर नदी दुप्पट खारट करू शकतं. मीठ तेवढंच. नदीत पाणी उरलं नाही, एवढाच फरक. याच दिवसांत सगळी गावं नदीवर पिण्यासाठी अवलंबून असतात, याच दिवसांत उसाच्या पाळ्याही जास्त असतात, आणि पाळी जास्त म्हणून पाइपही जास्त वाहतात. तिन्ही गोष्टी एकाच वेळी येतात. हा मुद्दा अहवालात सगळ्यात वर जाणार.

14 एप्रिल

सुट्टीचा दिवस, वाचनात गेला. अमेरिकेतल्या ॲरिझोनात वेल्टन-मोहॉक नावाचं सिंचनक्षेत्र आहे. तिथे रानं पाणथळ झाली म्हणून खालचं खारं पाणी उपसून 1961 पासून कोलोरॅडो नदीत सोडायला लागले. खाली मेक्सिकोत मेक्सिकाली खोऱ्यातली पिकं करपली. पाणी किती द्यायचं याचा करार 1944 चा होता, पाणी कसं असावं याबद्दल त्यात काही नव्हतं. शेवटी 1973 मध्ये दोन देशांत क्षारतेचा आकडा लिहून करार झाला, आणि पुढे यूमाला क्षार काढण्याचा प्रचंड कारखाना बांधावा लागला. दुसरी गोष्ट कॅलिफोर्नियातल्या केस्टरसनची. तिथे निचऱ्याचं पाणी तळ्यांत साठवलं, 1983 मध्ये पाणपक्ष्यांची पिल्लं व्यंग घेऊन निघायला लागली. सागरी खडकातून आलेलं सेलेनियम त्या पाण्यात होतं. आपली जमीन बेसॉल्टची, तिथला धोका इथे जसाच्या तसा लावता येत नाही. तरी 'तळं करून साठवू' असं जे सहज सुचवलं जातं, त्याच्या आधी पाण्यात काय काय आहे हे बघितलंच पाहिजे.

कोलोरॅडोचं वाचताना आपलं राजापूर डोळ्यासमोर होतं. कृष्णा राजापूरच्या बंधाऱ्यावरून पुढे कर्नाटकात जाते. आणि त्याच्या आधी नृसिंहवाडी आहे, जिथे पंचगंगा मिळते, जिथे लोक ओंजळीने तीर्थ घेतात. आपल्याकडे पाणीवाटपाच्या लवादात टीएमसीवर वर्षानुवर्षं भांडण होतं. परत येणाऱ्या पाण्यात मीठ किती, हा प्रश्न त्या भांडणात ऐकू येत नाही.

28 एप्रिल

नायट्रेट. भरणीनंतर, म्हणजे उसाच्या बुडाला माती चढवल्यावर, युरिया टाकून पाणी दिलेल्या फडाखालच्या प3 वर सलग नमुने घेतले. युरिया पडल्यावर पहिल्या दिवसांत काही नाही. युरियाचं आधी अमोनियम होतं, ते मातीच्या कणांना धरून राहतं. मग जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋण भार, मातीवरही ऋण भार, म्हणून माती त्याला धरत नाही. पुढच्या पाळीचं पाणी आलं की ते थेट पाइपात. दुसऱ्या पाळीनंतर प3 चा आकडा वर चढला, पिण्याच्या पाण्याची 45 मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडून गेला, आणि बरेच दिवस खाली आला नाही.

आडसाली (पावसाळ्यात लावलेल्या) उसाला हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस आहे. एकराला 162 किलो. सगळं युरियातून दिलं तर पोत्यात 20.7 किलो नत्र, म्हणजे आठ पोत्यांच्या जवळ. शिफारशीत ते हप्त्याहप्त्याने विभागून द्यायचं असतं. प्रत्यक्षात मजूर मिळत नाही म्हणून भरणीला एकदम पडतं. प3 च्या मालकांच्या घरी आज बोललो. काकूंनी सरळ सांगितलं, "मॅडम, माणूस मिळाला त्या दिवशी टाकून मोकळं व्हायचं. उद्या तो येईलच असं कुठंय?" यात हलगर्जी नाही. ज्याला रोजंदारीचं गणित माहीत आहे त्यालाच हे कळेल.

काकूंच्या विहिरीचंही पाणी तपासायला घेतलं. घरात तान्हं बाळ आहे. नायट्रेट जास्त असलेलं पाणी लहान बाळाच्या रक्ताची प्राणवायू नेण्याची ताकद कमी करतं, बाळ निळसर पडतं. उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटून उलट वाढतं. बाळाचं पाणी विहिरीतून घेऊ नका, नळाचं घ्या, असं सांगून आलो. नळाचं पाणी आहे ते बरं आहे.

12 मे

मतदान 7 तारखेला झालं, कॉलेजातली निम्मी माणसं ड्युटीवर होती, त्यामुळे दोन नमुने कमी. बाकी ओढ्याची मोठी बातमी.

ओ2 आणि ओ3 यांच्यातला पाणकणसाचा पट्टा. पाणकणीस, लव्हाळा, मध्ये काळा चिखल, पायाखाली बुडबुडे. दोन महिने ओ2 आणि ओ3 चे आकडे शेजारी मांडत होतो. क्लोराइड दोन्हीकडे जवळपास सारखं. नायट्रेट मात्र ओ3 ला दर वेळी उतरलेलं. क्लोराइडला कुणी खात नाही, ते वाटेत कमी होत नाही. म्हणून पाणी पातळ झालं असतं तर दोन्ही उतरले असते. नुसतं नायट्रेट उतरतं म्हणजे त्या चिखलात प्राणवायू संपलेल्या जागी जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू घेऊन नत्र हवेत सोडत आहेत. ते नत्र हवेत आधीच भरपूर आहे, त्याचा त्रास नाही. ओढा स्वतःहून, फुकट, रात्रंदिवस हे काम करत होता.

गेल्या आठवड्यात तिथे जेसीबी फिरला. पावसाळ्याच्या आधी ओढा 'साफ' करायचा म्हणून. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ चर, दोन्ही काठ उघडे, पाणकणसाचा ढीग बांधावर वाळतोय. पूर येऊ नये म्हणून कुणीतरी केलेलं काम आहे आणि महापुराचे घाव या गावाने सोसलेत, ही भीती समजते. पण मला आज फार वाईट वाटलं. तिथे उभी राहिले तर एक बगळाही नव्हता.

19 मे

चर काढल्यानंतरचे पहिले नमुने. ओ2 आणि ओ3 चं नायट्रेट एकसारखं. जे वर होतं ते जसंच्या तसं खाली. इतकं स्वच्छ उत्तर मिळेल असं प्रयोग म्हणून मांडलं असतं तरी वाटलं नसतं. ग्रामपंचायतीत हे दोन आलेख घेऊन जाणार. पुराचं पाणी जायला मधली वाट मोकळी ठेवा, पण दोन्ही काठांचा पाणकणसाचा पट्टा राहू द्या. निदान शेवटचे दोनशे मीटर. मुळं अजून चिखलात आहेत, वर्षभरात परत येईल, जर पुन्हा खरवडलं नाही तर.

16 जून

पहिले जोराचे पाऊस. पाइपांपेक्षा ओढाच जास्त धावतोय, पाणी चहाच्या रंगाचं. आता वेगळीच गोष्ट मोजायची: माती. स्फुरद (फॉस्फरस) नायट्रेटसारखं पाइपातून फारसं येत नाही, मातीच्या कणाला चिकटतं आणि कणाबरोबर वरवर वाहतं. लागणीसाठी नांगरून सरी सोडलेलं उघडं रान, त्यावर पहिला पाऊस. ओ1 लाच गढूळपणा इतका की यंत्राने पातळ केल्याशिवाय वाचायला नकार दिला. तणनाशकांचीही हीच वेळ. उसात ॲट्राझिन, मेट्रिब्युझिन फवारतात, पहिल्या पावसात त्यांचा काही भाग ओढ्यात येणारच. ते तपासायचं यंत्र आमच्याकडे नाही. विद्यापीठाकडे विनंतीपत्र दिलंय, नमुने गोठवून ठेवलेत.

28 जुलै

कृष्णा पात्राबाहेर. संगमापर्यंत जाता येत नाही. प1 पाण्याखाली, प4 वरच्या अंगाला असल्याने दिसतो, त्याला पूर्ण नळीभर धार. म्हणजे वर्षातला सगळ्यात जास्त निचरा आता चाललाय. मुठीएवढा पाइप, आणि समोर ही नदी. क1 आणि क2 मध्ये मीटरला काही फरक सापडायचा नाही. रानातलं मीठ धुऊन काढायला यापेक्षा चांगली वेळ नाही: वरून पडणारं पाणी जवळपास गोडं, उपशाचं वीजबिल नाही, नदीला ओझं नाही.

18 ऑगस्ट

पाणी ओसरलं. प2 मोजला: धार मोठी, क्षारता उन्हाळ्यापेक्षा बरीच कमी, पण प्रवाहाशी गुणलं तर रोजचं मीठ उन्हाळ्याच्या पुढे. याचा अर्थ वर्षभराच्या मिठाचा मोठा हिस्सा पावसाळ्यात निघून जाऊ शकतो, आणि उन्हाळ्यात पाइप तितका चालवायची गरज नसावी.

तात्यांनी लगेच अडचण दाखवली. "उन्हाळ्यात पाइप बंद केला आणि पाणी वर आलं तर? मीठ उन्हाळ्यातच फुटतं की." अगदी बरोबर. उन्हाळ्यात बाष्पीभवन सगळ्यात जास्त, पाणीपातळी वर असेल तर तेच मीठ मुळांत परत येतं. म्हणजे नुसता बूच मारून चालणार नाही. पाइप कमी वाहायला हवा असेल तर वरून पाणी कमी पडायला हवं. पाटपाण्याची पाळी न बदलता पाइपाच्या तोंडाशी काहीही करा, एक तर रान खराब होईल, नाही तर नदी.

मला या सगळ्या कामातून जे म्हणायचं आहे ते हेच. नदीच्या पाण्याचा निर्णय सरीत पाणी सोडताना होतो, ओढ्याच्या तोंडाशी होत नाही.

22 सप्टेंबर

ठिबकचा फड आणि पाटाचा फड शेजारी शेजारी असलेलं एक रान सापडलं, एकाच मालकाचं, खाली वेगवेगळे पाइप. पावसाने उघडीप दिल्यावर आठवडाभर बघितलं. पाटाच्या फडाचा पाइप पाळीनंतर दोन दिवसांत मोठा होतो. ठिबकच्या फडाचा पाइप ठिबकतोच आहे, पाळीचा काही परिणाम नाही. खतही तिथे पाण्यातून थोडं थोडं जातं, म्हणून नायट्रेटही कमी. एका रानावरून नियम करता येत नाही हे अहवालात स्पष्ट लिहायचं. मात्र ठिबकमध्येही मीठ ओल्या कडेला साठतं, ते पावसाळ्यात धुतलं जायला हवं, म्हणून निचरा काढून टाकायचा नाही. ठिबक आणि पाइप दोन्ही लागतात.

20 ऑक्टोबर

गावात बैठक. देवळाच्या ओसरीवर, भिंतीला आलेख टाचून. मी पहिल्यांदा सांगितलं की इथे कुणी आरोपी नाही. शिरोळ तालुक्यात साखर कारखान्याच्या पुढाकाराने क्षारपड जमिनी मोठ्या प्रमाणावर सुधारल्या, कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात या जमिनींवर वर्षानुवर्षं काम झालंय. निचरा हवाच आहे. प्रश्न त्याच्या पुढच्या पायरीचा आहे.

चर्चा तापली. एकांचं म्हणणं, साखर कारखान्यांचं आणि शहरांचं पाणी आधी थांबवा, मग शेतकऱ्याकडे या. हे म्हणणं मी टाळणार नाही. नदीत मासे मरतात तेव्हा बहुतेक वेळा पाण्यातला प्राणवायू संपलेला असतो, आणि तो संपतो मळीने, मैल्याने, कुजणाऱ्या पदार्थाने. शेताच्या मिठाने मासे एका रात्रीत मरत नाहीत. त्यामुळे ती जबाबदारी ज्याची आहे त्याच्याकडूनच घेतली पाहिजे. पण मीठ आणि नायट्रेट हा वेगळा हिशेब आहे. तो उद्या आपल्याच जॅकवेलमध्ये (नदीकाठच्या उपसा विहिरीत) येणार, कारण प्रत्येक गावाचं पाणी त्याच्या वरच्या गावाच्या पाइपांतून आलंय. एक अण्णा उठून म्हणाले, "म्हणजे आमी भिलवडीकराचं मीठ खातोय आणि डिग्रजकर आमचं." हसले सगळे, पण त्यानंतर बैठक खऱ्या अर्थाने सुरू झाली.

17 नोव्हेंबर

चार पाइप-मालकांशी बोलून ठरलेली मांडणी लिहून घेतली.

मुख्य नळीच्या शेवटच्या चेंबरमध्ये उभा जोडपाइप बसवायचा. तो लावला की रानातलं पाणी ठरावीक उंचीपर्यंत थांबतं, काढला की मोकळं. युरिया दिल्यानंतर आठ-दहा दिवस लावायचा, म्हणजे नायट्रेट वाहून न जाता उसाच्या मुळांना मिळेल. त्यानंतर काढायचा. जून ते सप्टेंबर पूर्ण मोकळा. प्रत्येक फडात एक निरीक्षण नळी, त्यात काठी घालून पाणी किती खोल आहे ते आठवड्याला बघायचं. पाणी मुळांच्या जवळ आलं की जोडपाइप ताबडतोब काढायचा, कुणाला विचारत बसायचं नाही. ही अट तात्यांची, आणि ती सगळ्यात शहाणी अट आहे. युरिया एकदम न टाकता निदान तीन हप्त्यांत, त्यासाठी चौघांनी मिळून एक माणूस ठरवायचा.

प1 च्या मालकांना जोडपाइप नको आहे. त्यांचं रान सगळ्यात खोलगट, त्यांची भीती रास्त. त्यांनी ठिबकसाठी अर्ज करायचं कबूल केलं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा पाइप आम्हाला तुलनेसाठी उपयोगी पडेल.

15 डिसेंबर

जोडपाइप तीन चेंबरमध्ये बसले. प3 च्या काकूंनी निरीक्षण नळीच्या काठीवर खिळ्याने खुणा केल्यात, वीत-वीत अंतरावर, टेप लागत नाही.

ग्रामपंचायतीने पाणकणसाच्या दोनशे मीटर पट्ट्याचा ठराव घेतला. मे महिन्यात जेसीबी येईल तेव्हा आमच्यापैकी एकाने तिथे हजर राहायचं, हे नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. मुळांतून कोंब वर आलेत, गुडघाभर.

अहवाल पाठवताना एकच मागणी जोडली आहे. निचऱ्याच्या नव्या योजनेला मंजुरी देताना पाइपाच्या तोंडाशी दरमहा प्रवाह, क्षारता आणि नायट्रेट या तीन नोंदी सक्तीच्या कराव्यात, आणि त्या खालच्या गावाला वाचायला मिळाव्यात. त्यातल्या दोन नोंदींना एक बादली, एक घड्याळ आणि एक मीटर एवढंच लागतं. नायट्रेटचे नमुने जवळच्या कॉलेजकडे द्यावेत, आम्ही करून देऊ.

पुढचे नमुने जानेवारीच्या पहिल्या रविवारी, क1 पासून.